कायदा, सेन्सॉर आणि ‘वरून आलेला’ हुकूम: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभा संपल्यावर, वाचनालयाच्या पायरीवर, नाटकाच्या तालमीनंतर जे प्रश्न हमखास निघतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे देणारा वकील नाही. लोकांचे अर्ज लिहून देता देता कायद्याची पुस्तके चाळायची सवय लागलेला माणूस आहे, आणि त्याला मते आहेत. अटक, जामीन, जमीन असे काही अंगावर आले असेल तर आधी वकील गाठा.

पोर्तुगीज अमदानीत छापण्यावर बंधन होते म्हणतात. म्हणजे नेमके काय होते?

गोव्यात छापखाना १५५६ साली आला, हिंदुस्थानात सगळ्यांत आधी. १७५४ मध्ये लिस्बनहून हुकूम सुटला आणि गोव्यातले छापणेच थांबले. ते पुन्हा सुरू व्हायला १८२१ उजाडले. म्हणजे सदुसष्ट वर्षे ज्या भूमीत देशातला पहिला छापखाना लागला, तिथेच एक ओळ छापायची सोय नव्हती.

१९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले आणि इथे जरा मोकळे वारे वाहिले. मराठी नियतकालिके निघू लागली. गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे ‘भारत’ त्याच काळातले. पण १९२६ मध्ये पोर्तुगालात लष्करी उठाव झाला, पाठोपाठ हुकूमशहा सालाझार आला आणि दारे पुन्हा लागली.

यातला कावा पाहण्यासारखा आहे. सालाझारच्या १९३३ च्या राज्यघटनेत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम होते! फक्त त्याला पुस्ती जोडली होती की या स्वातंत्र्याचे नियमन खास कायद्यांनी होईल. मग त्याच साली पूर्वतपासणीचा हुकूम आलाच. खिळे जुळवून झाले की प्रूफ सेन्सॉरकडे जायचे. त्याने जे खोडले ते काढून पान पुन्हा बांधायचे, आणि वर अंकावर ‘सेन्सॉरने पाहिले’ अशा अर्थाची ओळ छापायची. लग्नपत्रिकासुद्धा आधी दाखवाव्या लागत, हे जुन्या लोकांच्या तोंडून तुम्हीही ऐकले असेल. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात भाषणाला उभे राहिले तेव्हा त्यांचा पहिला गुन्हा काय होता? परवानगीवाचून सभा. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि थेट पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकले.

त्या सेन्सॉरची एक गोष्ट मात्र उघड होती, त्याचा शिक्का दिसायचा. वाचकाला कळायचे की आपल्या हातातला अंक चाळणीतून आलेला आहे.

मग तेच दिवस परत आलेत असे म्हणायचे का?

नाही. त्या काळात हा प्रश्न छापून आला नसता, एवढे उत्तर पुरे. ऊठसूट ‘सालाझारशाही’ म्हणणाऱ्यांनी आग्वादचा तुरुंग एकदा आतून पाहून यावा, आता तिथे संग्रहालय आहे.

मात्र आज अडवणूक होते ती वेगळ्या तऱ्हेने. हॉल आधी मिळालेला असतो, मग कुणाचा तरी फोन येतो आणि हॉलवाल्याला अचानक रंगकाम आठवते. परवाना नाकारत नाहीत, तो ‘साहेबांच्या टेबलावर’ राहतो. विचारले की उत्तर ठरलेले: ‘वरून सांगितलंय.’ वरून म्हणजे कुठून ते कधीच कळत नाही.

म्हणून पुढच्या बहुतेक उत्तरांत मी एकच टुमणे लावणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो: लेखी मागा. कोणत्या कलमाखाली, कुणाच्या सहीने, किती दिवसांसाठी. लेखी हुकमाला न्यायालयात आव्हान देता येते. फोनवरच्या आवाजाविरुद्ध याचिका करायची तर आधी तो फोन झाला होता हेच सिद्ध करत बसावे लागते.

लेखी घेऊन काय फरक पडतो? ते काहीतरी कारण लिहून देतीलच.

देऊ देत. १९७७ मध्ये मोहिंदरसिंग गिल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अधिकाऱ्याचा हुकूम त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे. पुढे न्यायालयात गेल्यावर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे त्याला चिकटवता येत नाहीत. त्यामुळे कारण लिहायची वेळ आली की पेन हातात घेणारा माणूस दोनदा विचार करतो. कित्येकदा पेन खालीच ठेवतो आणि परवानगी निघते.

घटनेने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे ना? मग कुणी अडवतेच कसे?

अनुच्छेद १९ च्या पहिल्या भागात स्वातंत्र्य आहे आणि दुसऱ्या भागात त्यावरची बंधने. बंधनांची यादी लहान आणि बंदिस्त आहे: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. बस, एवढीच.

यात काय नाही ते पाहा. सरकारची प्रतिष्ठा नाही. मंत्र्याच्या भावना नाहीत. पर्यटन खात्याची काळजीही नाही. हे गोव्यात मुद्दाम सांगावे लागते, कारण किनाऱ्यावरचा कचरा किंवा टॅक्सीची भांडणे कुणी चित्रफितीत दाखवली की ‘गोव्याची बदनामी’ हा शब्द लगेच कानावर येतो. त्या अर्थाची बदनामी कायद्याला ठाऊक नाही.

ही यादी मुळात आणखी आखूड होती. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत घुसले, नेहरूंच्या काळात, कारण आदल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एका साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी उठवली होती. पण त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही घातला आणि वाजवी काय ते न्यायालयाने ठरवायचे ठेवले. सालाझारच्या घटनेतल्या त्या पुस्तीत आणि आपल्या बंधनांत जो काही फरक आहे तो या एका शब्दात आहे. सत्तेवर कुठलाही पक्ष असो, बंधने सैल करायला घेतलेली मी तरी पाहिलेली नाहीत.

फेसबुकवर काहीतरी लिहिले म्हणून पोलीस ठाण्यातून फोन आला. जायचे का?

आधी विचारा, कशासाठी आणि कोणत्या नात्याने? संशयित म्हणून बोलवायचे आणि अटकेची गरज नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खाली लेखी नोटीस द्यावी लागते. जुन्या संहितेत हेच ४१-अ होते. साक्षीदार म्हणून बोलावणे असेल तर तेही लेखीच. बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठी ओलांडलेला माणूस, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी यायचे असते. नुसत्या फोनवर धावत जाऊन चार तास बाकावर बसणे ही आपल्याकडची रीत आहे, कायद्यात ती कुठेही लिहिलेली नाही. मात्र लेखी नोटीस आली तर जाच. न जाणे हे पुढे अटकेचे कारण होते.

अटक झालीच तर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत, अलीकडच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हे फार स्पष्ट केले आहे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागा. कोठडीतल्या व्यक्तीला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता तो मिळतो.

‘आक्षेपार्ह पोस्ट’साठी जे कलम सर्रास लावत ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. त्याच्या आदल्या वर्षी, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, गोव्यातल्या एका जहाजबांधणी अभियंत्यावर फेसबुकवरच्या मजकुरासाठी याच कलमाखाली इतर कलमांसकट गुन्हा नोंदला होता, आणि खालच्या न्यायालयाने अटकपूर्व जामीनही नाकारला होता. हे बेंगळुरू-दिल्लीचे ऐकीव नाही, आपल्या पणजीतले आहे. कलम गेले पण सवय गेली नाही. त्याची जागा दोन समाजांत तेढ आणि धार्मिक भावना या कलमांनी घेतली. ती कलमे मुळात गरजेची आहेत, मला मान्य आहे. पण त्यांची पहिली पायरी ‘हेतू’ आहे आणि प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) लिहिताना तीच गाळली जाते.

राजद्रोहाचे कलम गेले ना?

नावाने गेले. ज्या १२४-अ खाली टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये खटले चालले, ते स्वतंत्र भारतात पाऊणशे वर्षे टिकले. १९६२ च्या केदारनाथ सिंह निकालाने त्याला हिंसेच्या चिथावणीची वेसण घातली, पण ठाणेदारांनी तो निकाल वाचला असेल असे वाटत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलमाचा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ‘राजद्रोह’ शब्द नाही. कलम १५२ आहे. सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांचे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत किंवा सात वर्षांपर्यंत. जुन्या कलमात तीन वर्षांचा पर्याय तरी होता. जुने कलम सरकारविषयीच्या अप्रीतीबद्दल बोलत होते आणि नवे देशाबद्दल बोलते, हा फरक खरा आहे. पण ‘धोक्यात आणणे’ म्हणजे काय हे शेवटी ठाण्यातच ठरणार, आणि तिथे देश आणि सरकार यांत फारसे अंतर ठेवत नाहीत.

जमावबंदी म्हणजे घरात बसायचे का? १४४ लागले की काय काय बंद?

आकडा बदलला, आता ते नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. बोलताना सगळे अजून १४४ च म्हणतात.

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर गोव्यात साठ दिवसांसाठी ते लावले होते. पश्चिम किनाऱ्यावर दहशतवादी हल्ल्याचा धोका असल्याची माहिती, हे कारण. कार्निव्हाल तोंडावर, हॉटेले भरलेली, आणि चौघांनी एकत्र जमायचे की नाही हे कुणालाच धड कळेना. सरकारने सांगितले की हे नेहमीचेच आहे. मला त्यातला ‘नेहमीचेच’ हा शब्द खटकला. हे कलम तातडीसाठी आहे. नेहमी लावायचे असेल तर ते तातडीचे कसले?

या कलमाची गोष्ट मधू लिमयांवाचून पुरी होत नाही आणि गोवेकरांनी तरी ती विसरू नये. १९५५ च्या जुलैत पुण्याचा हा समाजवादी तरुण सत्याग्रहींची तुकडी घेऊन गोव्यात शिरला. पोर्तुगीज पोलिसांनी बेदम मारले, लष्करी न्यायाधिकरणाने बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. १९५७ मध्ये सुटका झाली. पुढे लिमये बिहारमधून लोकसभेवर गेले, आणि स्वतंत्र भारतात बिहारच्या पोलिसांनी त्यांना पकडले तेव्हा अटकेची कारणे सांगितली नाहीत म्हणून १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. मग त्यांनी १४४ लाच आव्हान दिले. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश हिदायतुल्ला. कलम वैध ठरले, म्हणजे लिमये हरले. पण निकालात मर्यादा आखून दिल्या: परिस्थिती तातडीची हवी, सार्वजनिक शांततेला खरा धोका हवा, हुकूम सकारण हवा आणि तो तपासून घेता आला पाहिजे. आज कुठलाही वकील जमावबंदीविरुद्ध उभा राहतो तेव्हा याच हरलेल्या खटल्यावर उभा असतो. पोर्तुगीजांच्या तुरुंगातून सुटलेल्या माणसाने आपल्याच सरकारला कारण विचारत सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे, यात त्याला काहीच विसंगत वाटले नाही. मलाही वाटत नाही. आणीबाणीतही तो तुरुंगात होता, आणि लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा वाढीव दिवस नकोत म्हणून त्याने खासदारकी सोडली.

व्यवहाराचे एवढे लक्षात ठेवा. हुकूम लेखी हवा आणि लोकांना पाहायला मिळायला हवा. दंडाधिकाऱ्याचा हुकूम दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, पुढे वाढवायचा तर राज्य सरकारने आणि तोही आणखी सहा महिन्यांपर्यंतच. त्यात बदल करा किंवा तो मागे घ्या, असा अर्ज कुणीही बाधित माणूस करू शकतो. जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात न्यायालयाने म्हटले आहे की मत मांडणे आणि गाऱ्हाणे सांगणे दाबण्यासाठी हे कलम वापरायचे नाही.

जत्रेतल्या नाटकाला सरकार संहिता मागू शकते का? आणि दहाला पडदा पाडायचाच का?

दोन वेगळे प्रश्न आहेत. आधी आवाजाचा, कारण तो सोपा आहे.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आणि केंद्राचे आहेत. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. आता पेडण्यापासून काणकोणपर्यंत देवळांच्या जत्रा मोजा आणि पंधरा दिवस त्यात कसे बसवायचे ते सांगा. आपल्याकडे पालखी देवळात परतल्यावर नाटक उभे राहते आणि तिसरा अंक पहाटे संपतो. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शहरातले लग्नाचे हॉल होते. पण खरे सांगायचे तर मी या नियमाच्या बाजूचा आहे. किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा दणका ज्यांनी रात्र रात्र सोसलाय त्यांना दुसरा आधार नाही, आणि जत्रेला सूट दिली की ती पार्टीवालेही मागणार. राग येतो तो इतकाच की नाटक दहाला बंद होते आणि किनाऱ्यावर ठणाणा चालूच असतो.

आता संहितेचे. इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांवर लगाम घालणारा कायदा केला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त लोकांनी कर्झनला ओळखले म्हणून मुंबई सरकारने १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली, हे मराठी माणसाला सांगायला नको. तो १८७६ चा केंद्रीय कायदा २०१८ च्या सुरुवातीला रद्द झाला. गंमत म्हणजे त्याचे कुणी सोयरसुतकही पाळले नाही.

एका गावातल्या हौशी मंडळींबरोबर मी परवानगीसाठी कचेरीत गेलो होतो. देवस्थानचे पत्र, पंचायतीचा दाखला, जागेचा नकाशा, सगळे एका पिवळ्या फाइलीत. टेबलामागच्या माणसाने पाने उलटली आणि सहज विचारावे तसे विचारले, ‘‘नाटकात सरकारबद्दल काय आहे? संहितेची एक प्रत ठेवून जा.’’ दिग्दर्शक, बिचारा शाळामास्तर, पिशवीतून वही काढायलाच लागला. मी म्हटले, ‘‘प्रत देतो. कोणत्या नियमाखाली हवी आहे तेवढे या अर्जावर लिहून द्या, आम्हालाही दफ्तरी ठेवायला बरे.’’ त्याने पेनाचे टोपण दोनदा उघडले, दोनदा लावले. मग उठून आतल्या खोलीत गेला. परत आला तो चहाचा कप घेऊन, आणि ध्वनिक्षेपकाच्या अर्जावर शिक्का मारला. संहितेचा विषय पुन्हा निघाला नाही. नाटकात सरकारबद्दल तसे काहीच नव्हते. होता तो एक सावकार आणि दोन सुना.

चित्रपटांना सेन्सॉर आहे, मग नाटकाला आणि पुस्तकाला का नाही?

१९७० मध्ये चित्रपटकार के. ए. अब्बास यांनी हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला होता. हिदायतुल्लांच्याच पीठाने सांगितले की पडद्याचा परिणाम वेगळा, म्हणून चित्रपटाला पूर्वतपासणी चालेल. पन्नास वर्षांपूर्वी ते पटण्यासारखे असेल. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. १९८९ च्या रंगराजन खटल्यात त्याच न्यायालयाने बजावले की कुणी दंगा करील या धाकाने सरकारने चित्रपट थांबवायचा नाही, दंगा आवरणे हे सरकारचे काम आहे.

गोव्याचा संबंध इफ्फीमुळे, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे येतो. २००४ पासून तो इथे भरतो. २०१७ मध्ये निवड समितीने निवडलेले दोन चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाने परस्पर यादीतून काढले. एक मल्याळम ‘एस दुर्गा’, दुसरा आपला मराठी ‘न्यूड’. समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. मल्याळम चित्रपटाचा दिग्दर्शक केरळ उच्च न्यायालयात गेला, न्यायालयाने दाखवा म्हणून आदेश दिला, तरी पणजीत तो दाखवला गेला नाही. प्रमाणपत्राचाच नवा वाद निघाला आणि महोत्सव संपला. ‘न्यूड’ पुढच्या वर्षी रीतसर प्रमाणपत्र घेऊन चित्रपटगृहांत लागला आणि आभाळ कोसळले नाही.

त्यानंतर २०२१ मध्ये सेन्सॉर बोर्डाविरुद्ध दाद मागायचे अपील न्यायाधिकरण सरकारने बंद करून टाकले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालय. मोठ्या निर्मात्याला ते परवडते. फोंड्याच्या एखाद्या मुलाने कर्ज काढून केलेल्या चित्रपटाला परवडत नाही, तो निमूट कात्री लावून घेतो. २०२३ च्या दुरुस्तीने वयोगटांची वर्गवारी बारीक केली, ते चांगले झाले. मग वर्गवारीवरच थांबावे, कापाकापी कशाला?

ग्रामसभेने ठराव घेतला तरी डोंगर कापला जातो. मग ठरावाचा उपयोग काय?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत चिडून विचारला जाणारा प्रश्न.

ग्रामसभा १९९४ च्या पंचायत राज कायद्याने चालते आणि जमिनीचे रूपांतर १९७४ च्या नगरनियोजन कायद्याने. ग्रामसभेचा ‘नको’ हा नगरनियोजन खात्यावर आपोआप बंधनकारक होत नाही. हे कडू आहे पण खरे आहे. तरीही ठराव घ्या, सर्वे नंबर घालून घ्या, आणि इतिवृत्ताची प्रत हातात येईपर्यंत पाठ सोडू नका. ‘डोंगर वाचवा’ एवढ्याच ठरावाला न्यायालयात वजन नाही. ‘अमुक सर्वे नंबर, उतार इतका, खाली गावची झर, वर वस्तीची वाट’ याला आहे.

प्रादेशिक आराखडा २०११ आठवा. तो २००६ मध्ये अधिसूचित झाला, गावोगाव लोक उठले आणि २००७ च्या जानेवारीत सरकारला तो रद्द करावा लागला. अधिसूचना उघड होती, नकाशे समोर होते, म्हणून लोकांना लढता आले. नंतर तऱ्हा बदलली. अख्ख्या राज्याचा नकाशा बदलायची गरज उरली नाही, नगरनियोजन कायद्यात १७(२) आले आणि ‘चूक दुरुस्ती’ म्हणून एकेक भूखंड बदलू लागला. आराखड्यातली चूक नेमकी विकायला काढलेल्या जमिनीतच कशी सापडते, हे कोडे मला सुटलेले नाही. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. त्याच कायद्यातल्या ३९-अ वर, म्हणजे भूखंडाचा विभाग बदलू देणाऱ्या दुसऱ्या कलमावरही भांडण आहे. रोज राजपत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर सूचना वाचणारा एक तरी माणूस गावात ठेवा. हरकतीची मुदत थोडी असते आणि ती नेहमी चतुर्थीच्या तोंडावर येते की काय, असा मला दाट संशय आहे.

सगळे न्यायालयानेच करायचे का? सरकार लोकांनी निवडलेले आहे.

बरोबर आहे. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा डिचोली-सांगे भागातल्या ट्रकवाल्यांच्या हप्त्यांचे काय, हे निकालपत्रात कुठे बसणार? न्यायालयाला कायदा दिसतो, गॅरेजपुढे उभे राहिलेले ट्रक दिसत नाहीत. पण पट्टे २००७ मध्येच संपले होते, हे त्याच न्यायालयाने २०१४ मध्ये सांगून ठेवले होते. मधल्या काळात लिलावाचा सरळ रस्ता सोडून जुन्यांनाच पुन्हा पट्टे कुणी दिले? निवडून आलेल्या सरकारने. तेव्हा न्यायालयाच्या नावाने बोटे मोडताना तारखा जरा पाहाव्यात.

न्यायालयावर टीका केली तर अवमान होतो का?

निकालावर टीका केल्याने नाही. न्यायाधीशाने लाच घेतली असे पुराव्यावाचून म्हणालात तर होईल. २००६ च्या दुरुस्तीनंतर सत्य हा बचाव घेता येतो, जनहितासाठी आणि प्रामाणिकपणे असेल तर.

गोव्यात समान नागरी कायदा आहे. तो देशाने घ्यावा का?

आधी आहे काय ते पाहू. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता. पोर्तुगालने स्वतः १९६६ मध्ये नवी केली. आपण १९६१ मध्येच सुटलो, म्हणून त्यांच्याकडे मोडीत निघालेली आपल्याकडे चालू राहिली. भारतीय संसदेने १९६२ मध्ये ती टिकवली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचे कौतुकही केले.

चांगले पुष्कळ आहे. लग्नाची नोंदणी सक्तीची. वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची, म्हणून घर विकताना बायकोचीही सही लागते. आणि मुला-मुलींना सारखा वाटा, मृत्युपत्र करूनही अर्धी मालमत्ता त्यांच्यापासून तोडता येत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या सुनांना हे कळते तेव्हा त्यांचे चेहरे पाहावेत.

‘समान’ मात्र तितका नाही. १८८० च्या हुकमाने हिंदूंच्या काही चालीरीती राखल्या, त्यात अमुक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची मुभा होती. चर्चमधल्या लग्नांना वेगळी वाट होती. आणि नोंदणीच्या दोन सह्या: पहिली केली, गावजेवण झाले, दुसऱ्या सहीला नवरा फिरकलाच नाही, अशा बायकांची गाऱ्हाणी महिला संघटनांनी वर्षानुवर्षे मांडली आहेत. दिल्लीत गोव्याचे नाव घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ही संहिता वाचली असेल, देव जाणे. घ्यायचेच असेल तर मालमत्तेतली भागीदारी घ्या. तेवढे एकच कलम देशभर गेले तरी पुष्कळ झाले.

माहिती अधिकारात काय विचारू? ‘माहिती उपलब्ध नाही’ असे उत्तर येते.

‘का’ विचारू नका, कागद मागा. ‘परवानगी का दिली?’ याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘अमुक फाइलीतल्या टिपण्यांसह सर्व पानांच्या प्रती द्या, आणि फाइल पाहायची वेळ द्या’ याला आहेत. मात्र निर्णयाने तुम्ही स्वतः बाधित असाल तर कारणे देणे हे कलम ४ प्रमाणे खात्याचेच कर्तव्य आहे, ते कलम लिहून मागा. तीस दिवसांत उत्तर, नाही आले तर त्याच खात्यात पहिले अपील, मग माहिती आयोग. गोव्याने असा कायदा १९९७ मध्येच केला होता, देशाच्या आठ वर्षे आधी. तेव्हा ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब इथल्या कचेऱ्यांना शोभत नाही.

अर्ज मराठीत दिला तर चालतो का?

चालतो. गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत करता येतो, अनुच्छेद ३५० वाचा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही सरकारी कामासाठी वापर आहे. उच्च न्यायालयात मात्र इंग्रजी.

अर्ज घ्यायलाच नकार दिला तर?

वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा, एक प्रत वरच्या अधिकाऱ्याला. पोलीस गुन्हा नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रारीचा मजकूर लेखी करून टपालाने अधीक्षकांना पाठवता येतो, तिथेही काही हलले नाही तर दंडाधिकाऱ्यापुढे अर्ज. आणि पोचपावतीची शाई सहा महिन्यांत उडते, तिचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.